लिनक्स सुरू होताना दीड मिनिट अडकतं, कोणती सर्व्हिस बंद करू?

एकही नको, आज तरी.

तुम्ही म्हणताय की उबंटू सुरू होताना 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ येते, दीड मिनिट सेकंद मोजत बसते आणि मग सगळं सुरळीत चालतं. तो दीड मिनिटच चुगली करतोय. सिस्टमडी, म्हणजे सुरुवातीला सगळ्या सर्व्हिस चालू करणारा प्रोग्राम, कुणाची वाट किती पाहणार, याची ठरलेली मुदत ९० सेकंद. म्हणजे सर्व्हिस हळू नाहीये. न येणाऱ्या पाहुण्यासाठी ताट वाढून ठेवलंय.

सुरू होताना कुणी किती वेळ घेतला ते सांगणाऱ्या 'सिस्टमडी-अनालाइझ ब्लेम'च्या यादीवर डोळे झाकून विसंबू नका. तिथे वरच्या नंबरावर दिसणारी सर्व्हिस बरेचदा स्वतःच दुसऱ्यासाठी खोळंबलेली असते. त्यापेक्षा पडद्यावरची ती ओळ शेवटपर्यंत वाचा. त्यात डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तो लांबलचक आकडा-अक्षरांचा क्रमांक असेल, तर ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाइल (सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची त्याची यादी) उघडा आणि 'एलएसबीएलके -एफ' ही कमांड डिस्कांचे जे खरे यूयूआयडी दाखवते त्याच्याशी ताडून बघा.

माझा संशय स्वॅपवर, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर आहे. नेहमीचं पार्टिशन सापडलं नाही आणि त्याच्या ओळीत 'नोफेल' ('नाही सापडलं तरी पुढे चल') नसेल, तर मशीन थेट इमर्जन्सी मोडला, म्हणजे दुरुस्तीपुरत्या काळ्या पडद्यावर जातं. स्वॅप सापडलं नाही तर मात्र वाट पाहून पुढे जातं, आणि तुमचं पुढे नीट चालतंय. शेजारी दुसरं लिनक्स टाकताना स्वॅप नव्याने फॉरमॅट झालं की त्याचा यूयूआयडी बदलतो, आणि एफएसटॅबमध्ये जुनाच राहतो. तो दुरुस्त करा, नाहीतर ओळीच्या सुरुवातीला # टाका, म्हणजे ती ओळ वगळली जाते. रीस्टार्ट करण्याआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून घ्या, चूक तिथेच कळते. एवढं करूनही अर्धा मिनिट जात असेल, तर इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या (बूटच्या अगदी सुरुवातीला लागणारी इमेज बनवणारं पॅकेज) रिझ्यूम फाइलमध्येही तोच जुना क्रमांक बसलेला असू शकतो. तिथे बदलून 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' द्या, म्हणजे ती इमेज नव्याने बनते.

यूयूआयडी जुळला तर मात्र स्क्रूड्रायव्हर काढा, दोष डिस्कचा किंवा वायरचा असू शकतो. माझ्याकडे फोटोंची दुसरी डिस्क अधूनमधून गायब व्हायची आणि तिच्यावरचा मीडिया सर्व्हर बंद पडायचा. दोन शनिवार-रविवार मी त्या बिचाऱ्या सर्व्हरलाच पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसलो. शेवटी 'डीमेसेज', म्हणजे कर्नलचे संदेश पाहिले, तर 'हार्ड रिसेटिंग लिंक'ची रांग लागलेली. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'मध्ये ५ आणि १९७ नंबरच्या, म्हणजे खराब सेक्टरच्या, ओळी शून्य, पण १९९, म्हणजे सीआरसी एरर (केबलवरून डेटा येता-जाता झालेल्या चुका), रोज वाढतेय. ५ किंवा १९७ वाढत असते, तर डिस्कच्याच जिवावर बेतलेलं आणि आधी बॅकअप. एकटी १९९ वाढते तेव्हा बहुतेकदा वायर. साटा केबल बदलली आणि विषय संपला. तो आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे घाबरू नका. वाढायचा थांबला की झालं.

आधी ती ओळ आणि 'एलएसबीएलके'ने काय दाखवलं ते इथे टाका, मग नक्की काय ते सांगतो.