४० टक्के युरोपियम उरूनही फेरोमॅग्नेटिझम का दिसत नाही?

युरोपियम सल्फाइडमधल्या ६० टक्के युरोपियमच्या जागी अचुंबकीय स्ट्रॉन्शियम घातलं, तरी उरलेलं ४० टक्के २० टक्क्यांच्या मर्यादेहून बरंच जास्त आहे; मग फेरोमॅग्नेटिझम (सगळे अणुचुंबक एकाच दिशेला रांगेत असणं) का दिसत नाही, असं तुम्ही विचारलंत. तुमचा आकडा बरोबर आहे. एफसीसी जाळीत (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू असलेल्या रचनेत) फक्त जवळचे शेजारी धरले, तर पर्कोलेशनची मर्यादा, म्हणजे चुंबकीय अणूंचं जाळं सलग जोडलेलं राहायला लागणारं किमान प्रमाण, सुमारे २० टक्के येते. मग युरोपियम सल्फाइडमध्ये ६० टक्के स्ट्रॉन्शियम घातल्यावरही चुंबकीय क्रम टिकायला हवा, हा तर्क चालला असता. पण त्यासाठी सगळे एक्स्चेंज (अणुचुंबकांमधल्या ओढी) फेरोमॅग्नेटिक, म्हणजे एकाच दिशेला वळवणारे असायला हवेत. इथे ते तसे नाहीत.

युरोपियमचे १२ जवळचे शेजारी त्याला आपल्याच दिशेला वळवतात (सुमारे ०.२२ केल्विन). त्यांच्यापलीकडचे ६ उलट दिशेला ओढतात (सुमारे ०.१० केल्विन). शुद्ध स्फटिकात पहिल्यांची सरशी होते आणि १६.५ केल्विनला क्रम येतो. मीन-फील्डने (प्रत्येक अणूवर सगळ्या शेजाऱ्यांचा सरासरी परिणाम धरून) हिशेब केला तर स्ट्रॉन्शियम घातल्यावर दोन्ही ओढी सारख्याच प्रमाणात घटतात, म्हणजे क्यूरी तापमान (ज्याखाली हा क्रम येतो ते) नुसतं सरळ रेषेत उतरेल. पण कोणत्या जागेवरचा अणू गेला, हे मीन-फील्डला दिसतच नाही, आणि इथे सगळं त्यावरच अवलंबून आहे.

पलीकडच्या शेजाऱ्यांची एक जोडी घ्या. त्या दोघांना चार सामाईक जवळचे शेजारी असतात, आणि तेच या भांडकुदळ जोडीला एका दिशेत धरून ठेवतात. शुद्ध स्फटिकात चारही हजर असतात. युरोपियम ४० टक्के असेल, तर चारही जागांवर स्ट्रॉन्शियम असण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, म्हणजे सुमारे १३ टक्के. युरोपियम ८० टक्के असताना हीच शक्यता ०.१६ टक्के होती. एखादाच सामाईक शेजारी उरला, तर वरच्या आकड्यांनुसार तो जेमतेम पुरतो. जाळं तुटायच्या कितीतरी आधी विसंगती (सगळ्या ओढी एकाच वेळी पाळता न येणं) पसरते ती अशी.

प्रयोगात युरोपियम सुमारे ५१ टक्क्यांखाली गेलं की फेरोमॅग्नेटिझम संपतो. तिथून साधारण १३ टक्क्यांपर्यंत स्पिन ग्लास मिळतो, म्हणजे अणुचुंबक वेड्यावाकड्या दिशांत गोठतात. तुमचा ४० टक्क्यांचा नमुना बरोबर त्याच पट्ट्यात आहे, तेव्हा एसी ससेप्टिबिलिटी (बदलत्या चुंबकीय क्षेत्राला नमुना किती प्रतिसाद देतो ते) वेगवेगळ्या तापमानांना आणि फ्रिक्वेन्सींवर मोजा. फ्रिक्वेन्सीबरोबर शिखराचं तापमान थोडं सरकलं, तर ती ग्लासची खूण. ५१ च्या जरा वरचे नमुने जास्त गमतीशीर आहेत: थंड करताना आधी फेरोमॅग्नेट होतात आणि आणखी थंड केल्यावर ग्लासमध्ये शिरतात.

स्ट्रॉन्शियमऐवजी लँथॅनम वापरायचा विचार लिहिलात, तो मात्र सोडा. लँथॅनमही अचुंबकीय आहे, पण त्रिसंयुजी (दोनऐवजी तीन इलेक्ट्रॉन देणारं). जादा इलेक्ट्रॉन आले की एक्स्चेंजच बदलतो, आणि मग परिणाम विरलनाचा (युरोपियम कमी झाल्याचा) की वाहकांचा (जादा इलेक्ट्रॉनांचा), हे वेगळं करता येत नाही. स्ट्रॉन्शियम द्विसंयुजी आहे आणि त्याचा आयन आकाराने युरोपियमच्या जवळपास तेवढाच.