एअर कमोडोर झाल्यावर विमान उडवणे थांबते का? मेहर सिंग यांच्या कारकिर्दीवरून एक उत्तर

आपण विचारले आहे की, हवाई दलातील वैमानिक बढती मिळवत एअर कमोडोर (भूदलातल्या ब्रिगेडियरच्या बरोबरीचा हुद्दा) किंवा त्याहून वरच्या हुद्द्यावर पोहोचला की त्याचे उडणे संपते का, आणि संपत असेल तर गणवेशावरचे पंख, म्हणजे वैमानिकाचे चिन्ह, नुसते शोभेचे राहतात का. मी स्वतः वैमानिक नव्हतो. मालवाहू विमानांच्या देखभालीत एअरमन म्हणून मी वीस वर्षे काढली, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी टरमॅकवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या पक्क्या जागेवर, उभे राहून पाहिलेले आहे. उड्डाणाचे तास घटतात, आणि हुद्दा जितका वरचा तितके अधिक घटतात. पण उडणे थांबतेच असे नाही. २०१९ साली निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले हवाई दलप्रमुख बिरेंदर सिंग धनोआ यांनी पठाणकोटहून मिग-२१ उडवले होते, ही बातमी आपणही वाचली असेल.

आमच्या तळाचे एओसी, म्हणजे प्रमुख अधिकारी असलेले साहेब, उडायचे तेव्हाचे एक दृश्य सांगतो. प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, तिला आम्ही 'फॉर्म सातशे' म्हणतो. विमानात काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, इंधन किती भरले, हे सारे तिच्यात लिहिलेले असते आणि ते वाचून कप्तानाने सही केल्याखेरीज विमान त्याच्या ताब्यात जात नाही. साहेबांच्या गाडीवर झेंडी असे आणि दारात सलाम झडत. पण फॉर्म सातशेसमोर ते इतर कोणत्याही कप्तानासारखेच उभे राहत, मागची चार पाने उलटत, एखाद्या नोंदीवर बोट ठेवून आमच्या सार्जंटला प्रश्न विचारत, आणि मगच सही करत. त्यानंतर विमानाभोवती फेरी मारून चाके आणि पंखे हाताने चाचपून पाहणे आलेच. ती सही त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणाला करता येत नसे.

अर्थात वरिष्ठ अधिकाऱ्याचे खरे काम बहुतेक वेळा जमिनीवरच असते, हेही मान्य केले पाहिजे. १ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूच्या सीमेवरील छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना हवाई दलप्रमुख अर्जन सिंग दिल्लीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या समोर होते. चव्हाणांनी हल्ल्याला मंजुरी दिली आणि थोड्याच वेळात पठाणकोटहून व्हॅम्पायर आणि मिस्टेअर ही लढाऊ विमाने झेपावली. त्यातल्या जुनाट व्हॅम्पायरपैकी चार त्याच संध्याकाळी पडली. ब्रह्मदेशच्या आघाडीवर स्वतः लढलेल्या माणसाला त्या वेळी खुर्चीत बसून वाट पाहणे किती जड गेले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

परंतु आपल्या प्रश्नाचे सर्वांत चोख उत्तर मला एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या कारकिर्दीत दिसते. अर्जन सिंगांप्रमाणेच तेही लायलपूर भागातले आणि इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या हवाई दल प्रशिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले. १९३६ साली अधिकारी झाल्यावर त्यांची नेमणूक वायव्य सरहद्द प्रांतात वापिती विमाने उडवणाऱ्या पहिल्या स्क्वाड्रनमध्ये झाली. डिसेंबर १९४२ मध्ये त्रिचनापल्लीला सहावी स्क्वाड्रन उभी राहिली ती त्यांच्या हाताखाली, आणि पुढे ब्रह्मदेशातील आराकानच्या जंगलावर हरिकेन विमानांतून टेहळणी करत तिने असे नाव कमावले की तिला तिथे जपान्यांशी लढणाऱ्या ब्रिटिश चौदाव्या सैन्याचे डोळे म्हटले जाऊ लागले. ही विमाने जोडीने जात. एकाने खाली पाहायचे आणि दुसऱ्याने त्याची पाठ राखायची. १९४४ साली मेहर सिंगांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे ते भारतीय हवाई दलातील एकमेव अधिकारी.

१९४७ च्या अखेरीस काश्मीरमध्ये युद्ध पेटले तेव्हा ते एअर कमोडोर होते आणि तिथल्या हवाई कारवाईची सूत्रे त्यांच्याकडे होती. नकाशावर बोट ठेवून कनिष्ठांना पाठवले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पुंछ शहराला वेढा पडला होता, आत सैनिकांखेरीज सुमारे ४०,००० निर्वासित अडकले होते, आणि त्यांनीच राबून एक तोकडी धावपट्टी तयार केली होती. त्या धावपट्टीवर मालाने भरलेले डकोटा हे दोन इंजिनांचे मालवाहू विमान उतरते की नाही, हे पाहायला मेहर सिंग स्वतः गेले. ते उतरते हे दिसल्यावरच इतर वैमानिकांची रीघ लागली, आणि पुढे तोफासुद्धा विमानाने पुंछला पोहोचल्या.

लेहची गोष्ट याहूनही अवघड होती. तिथे अभियंता सोनम नोर्बू यांच्या देखरेखीखाली लडाखी लोकांनी सिंधूकाठी कच्ची धावपट्टी बांधली होती, तीही समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर. इतक्या विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, उतरताना विमानाचा जमिनीवरचा वेग वाढतो आणि सुटताना धाव लांबते. डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, आणि वाटेतली शिखरे ओलांडण्यासाठी ते विमान जवळजवळ त्याच्या कमाल उंचीपर्यंत चढवावे लागणार होते. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंगांनी पहिले डकोटा लेहला उतरवले. त्या विमानात तिथल्या भूदलाचे सेनापती मेजर जनरल थिमय्या प्रवासी म्हणून बसले होते, म्हणजे एका फेरीत दोन्ही दलांचे तिथले प्रमुख पणाला लागले होते. त्यानंतरच विमानाने गोरखा सैनिक लेहला नेता आले. हे पाखरू काय खाते हे ठाऊक नसल्याने गावकऱ्यांनी विमानापुढे गवत आणून टाकले, अशी एक आठवण सांगतात.

या प्रसंगाचे मोल मला लेहच्या टरमॅकवर उभे राहिल्यावर समजले. आमची विमाने पहाटे निघून सकाळीच परतत, कारण दिवस चढला की दरीत वारा सुटतो आणि तापलेली हवा आणखी विरळ होते. कडक थंडीत इंजिन बंद करून पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसे, म्हणून पंखे फिरत ठेवूनच आम्ही माल उतरवत असू. तेही पक्की धावपट्टी, नियंत्रण मनोरा आणि हवामानाचा अंदाज हाताशी असताना.

मग प्रश्न उरतो की अशा उडण्याने वरिष्ठाच्या कारकिर्दीचे भले होते का. मेहर सिंगांच्या बाबतीत तरी तसे दिसत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांनी हवाई दलाची नोकरी सोडली आणि ते पतियाळाच्या महाराजांचे सल्लागार झाले. महावीर चक्र १९५० साली जाहीर झाले, तेव्हा ते सेवेत नव्हते. दलाच्या प्रमुखपदी पहिला भारतीय आला तो १९५४ मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधी, १६ मार्च १९५२ च्या रात्री, जम्मूहून दिल्लीकडे येताना वादळात सापडून मेहर सिंगांचे छोटे बोनान्झा विमान कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. सदतिसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते.