पावसाळ्यात जुळवलेली वाघीण

प्रश्न : जुलैमध्ये मी खेळण्यातल्या रेल्वेसाठी १:८७ प्रमाणातील उघड्या मालवाघिणीचा, म्हणजे मालगाडीच्या डब्याचा, प्लास्टिकचा संच जुळवला. शिडी आणि तारेच्या मुठी सुपरग्लूने चिकटवल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती पांढरट साय धरली होती. शिवाय साडेअकरा सेंटिमीटर लांबीची ही वाघीण वळणावर रुळांवरून उतरते. तिचे वजन ४० ग्रॅम आहे. काय करावे?
– एक वाचक, वास्को

उत्तर : सुपरग्लू हवेतील ओलाव्यानेच घट्ट होतो. गोव्याच्या पावसाळ्यात, खिडक्या बंद असलेल्या खोलीत, त्याची वाफ बाहेर न जाता आसपासच्या भागावर बसते आणि तीच ही साय. ती काढण्यासाठी अॅसिटोन वापरू नका, प्लास्टिक विरघळेल. रंगकाम झाल्यावर पारदर्शक वार्निशाचा पातळ हात दिला की ती बहुधा दिसेनाशी होते. पुढच्या वेळी प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना ते विरघळवून सांधणारे द्रव सिमेंटच वापरा. तारेच्या मुठीसाठी हातड्रिलने तारेच्या जाडीचे छिद्र पाडा, तार बाहेरून आत घाला आणि सुईच्या टोकावर घेतलेला सुपरग्लूचा थेंब आतल्या बाजूने टेकवा. मग साय आलीच तरी ती आतच राहते. मी स्वतः पावसाळ्यात याखेरीज दुसरी पद्धत वापरत नाही.

वाघीण उतरते याचे मुख्य कारण वजन हेच दिसते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार या प्रमाणातील डब्याला मूळ २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर इंचास १४ ग्रॅम वजन हवे. म्हणजे तुमच्या वाघिणीला ९० ग्रॅमच्या आसपास. मासेमारीच्या दुकानात जाळ्याला लावायची शिशाची वजने मिळतात, ती तळाशी इपॉक्सीने बसवा. पांढरा गोंद मात्र टाळा, कारण त्यात शिसे काही वर्षांनी फुगून भिंती फाकवते. शिसे हाताळल्यावर हात धुवा. वरून माल रचला की वजने झाकली जातात, पण तो किती रचावा हे मालावर ठरते. लोहखनिज जड असल्याने खरी वाघीण अर्धीही भरत नाही, तर कोळशाने ती जवळजवळ काठोकाठ भरते. काठापर्यंत खनिज भरलेली वाघीण जाणकाराच्या डोळ्याला लगेच खटकते.

एवढे करूनही ती उतरली, तर एका बोगीचा, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या चौकटीचा, स्क्रू इतकाच आवळा की ती फक्त आडवी फिरेल, आणि दुसरीचा थोडा सैल ठेवा, म्हणजे ती बाजूंनाही डोलेल.