केंद्रात कधीच मंत्री नव्हते, तरी क्रेचमन देशभर एवढे माहीत कसे?

तुमचा प्रश्न असा की विनफ्रीड क्रेचमन हे 2011 पासून अनेक वर्षं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग या एका राज्याचे मुख्यमंत्री राहिले, बर्लिनला कधी मंत्री झाले नाहीत, मग सगळीकडे त्यांचंच नाव का. मी त्या राज्याच्या राजधानीच्या, स्टुटगार्टच्या जवळच राहते आणि इथलं राजकारण आवडीने वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक लक्षात घ्या, जर्मनीतली राज्यं नावापुरती नाहीत. शाळा, पोलीस, विद्यापीठं राज्याकडे, आणि बुंडेसराटमध्ये, म्हणजे केंद्रातल्या राज्यांच्या सभागृहात, राज्य सरकारंच केंद्राच्या कायद्यांवर मत देतात. बाडेन-व्युर्टेंबर्गची 6 मतं, ती एकगठ्ठाच द्यावी लागतात. तरी 16 च्या 16 मुख्यमंत्री लोकांना माहीत असतात असं अजिबात नाही.

क्रेचमन मूळचे बायोलॉजी-केमिस्ट्रीचे मास्तर आणि श्रद्धाळू कॅथलिक. कॉलेजात असताना कम्युनिस्ट गटात होते, ती घोडचूक होती हे नंतर जाहीरपणे सांगत आले. राज्यात ग्रीन पार्टी (पर्यावरणवादी, अणुऊर्जेला विरोध करणारा पक्ष) उभी करणाऱ्यांपैकी एक, 1980 ला आमदार, पण सत्ता कुठली, तिथे 1953 पासून सीडीयू या उजवीकडे झुकणाऱ्या पक्षाचाच मुख्यमंत्री. मग 11 मार्च 2011 ला जपानमध्ये फुकुशिमाचा अणुभट्टीचा अपघात झाला आणि 27 मार्चला मतदान. सीडीयू 39 टक्क्यांवर पहिलीच राहिली पण ग्रीन 24.2 आणि डावीकडे झुकणारी एसपीडी 23.1 मिळून बहुमत झालं आणि मे महिन्यात ग्रीनचा देशातला पहिला मुख्यमंत्री बसला. लोक म्हणतात अणुभट्टीची लाट, मला ते अर्धंच पटतं, कारण स्टुटगार्ट 21 या रेल्वे स्टेशनच्या प्रोजेक्टवरून लोक आधीच पेटले होते, सप्टेंबर 2010 मध्ये पोलिसांनी बागेतल्या आंदोलकांवर पाण्याचे फवारे सोडले, त्यात एका निवृत्त माणसाची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली.

आणि खरी परीक्षा इथेच झाली. ग्रीन पार्टीचा स्टेशनला विरोध, पण क्रेचमननी नोव्हेंबर 2011 मध्ये सार्वमत घेतलं. प्रश्न होता राज्याने पैसे देण्याच्या करारातून बाहेर पडावं का, म्हणजे स्टेशन नको असेल तर ‘हो’ म्हणायचं! जवळपास 59 टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. कायद्यातली पळवाट शोधत बसण्यापेक्षा त्यांनी निकाल मान्य केला आणि काम पुढे जाऊ दिलं. आंदोलनातले जुने साथी दुखावले, पण ज्यांनी ग्रीनला आयुष्यात मत दिलं नव्हतं त्यांना हा माणूस भरवशाचा वाटायला लागला. माझ्या मते त्यांचं नाव तिथे झालं, 2011 च्या विजयाने नाही.

2014 मध्ये परत तेच. सर्बिया, बोस्निया, मॅसेडोनिया हे ‘सुरक्षित देश’ ठरवणाऱ्या, म्हणजे तिथून आलेल्यांचे आश्रयाचे अर्ज नाकारणं सोपं करणाऱ्या कायद्याला त्यांनी बुंडेसराटमध्ये पाठिंबा दिला, त्यांच्याच पक्षात आगडोंब उसळला. त्यांनी बदल्यात निर्वासितांसाठी सवलती मिळवल्या होत्या, तरी त्यांच्यावरची ती टीका मला रास्त वाटते. राज्यात मात्र फायदाच झाला, 2016 ला 30.3 टक्के घेऊन ग्रीन पहिली आणि सीडीयू त्यांच्या हाताखाली सरकारात, 2021 ला 32.6. मर्सिडीज, पोर्शे, बॉशच्या राज्यात हे झालं म्हणून देशाचं लक्ष. आपल्या महाराष्ट्राशी या राज्याची भागीदारी झाली तीही त्यांच्याच काळात, 2015 ला.

फक्त कौतुकच वाचायला मिळेल तुम्हाला म्हणून सांगते, पवनचक्क्या वाढवायचं जे ठरवलं होतं त्याच्या आसपासही राज्य पोचलं नाही, आणि ग्रीन मुख्यमंत्र्याकडून तेवढी अपेक्षा तर होतीच.