काकाच सरपंच, मग विचारू कशी?

"अन्याय दिसतो, चीड येते, पण बोलायला उभी राहिले की घसाच बंद होतो. मी भित्री आहे का?" हा प्रश्न मला खूप जणी विचारतात. उत्तर म्हणून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका शिक्षिकेची हकीकत सांगते, तिच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

गावच्या झरीच्या वरच्या अंगाला डोंगर कापायला सुरुवात झाली होती. खालची कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, त्याच पाण्यावर. नगर नियोजन खात्याच्या परवानगीशिवाय गोव्यात डोंगर कापता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. परवानगी आहे का, एवढंच ग्रामसभेत विचारायचं होतं. पण सरपंच म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. ती सभेला जायची आणि गप्पच परतायची. घरी आई म्हणायची, "आमकां कित्याक जाय ते?" (आपल्याला कशाला हवं ते?)

आईचं हे म्हणणं मी हलकं मानलं नाही. घरदुरुस्तीच्या परवान्यापासून दाखल्यांपर्यंत कितीतरी गोष्टींसाठी पंचायतीची पायरी चढावी लागते. अशा घरांचं गप्प राहणं हा पिढ्यांचा हिशेब असतो. म्हणून 'घाबरू नको, बोल' असं मी कुणालाही सांगत नाही. परिणाम तिला भोगायचे असतात. मारहाणीची धमकी असेल तिथे तर आधी जीव सांभाळायचा, बोलणं नंतर.

आम्ही तिची भीती कागदावर उतरवली. काका रागावतील: नक्की. आईला बोल लागेल: बहुतेक. नोकरी जाईल: नाही, शाळेचा या पंचायतीशी संबंधच नव्हता. सगळ्यांत मोठी भीती शेवटी निघाली. ज्यांनी लहानपणी कडेवर घेतलं, त्यांना चारचौघांत खाली बघायला लावायचं? हे कळल्यावर वाट दिसली. आरोप करायचा नाही, प्रश्न विचारायचा. आणि तो विचारणार आहे हे काकांना आधी घरी जाऊन सांगायचं. ती सांगून आली.

"पण ताई, मी काही लोहिया नव्हे," ती म्हणाली. 18 जून 1946 रोजी मडगावात पोर्तुगीज राजवटीची सभाबंदी मोडून डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांचे गोमंतकीय मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस त्यांच्याबरोबर होते आणि समोर लोक जमले होते. मग हिनेच एकटीने का उभं राहावं? कुळागरवाल्या दोघी शेजारणी तिच्या बाजूला बसायला तयार झाल्या.

राहिला घसा. भीतीने श्वास वरच्या वर चालतो, गळ्याचे स्नायू आवळतात आणि आवाज चिरकतो. यात स्वभावाचा दोष नाही. सावकाश, लांब श्वास सोडायचा आणि मग कागदावरचं एकच वाक्य उभं राहून मोठ्याने वाचायचं, असा सराव आम्ही केला: "झरीवरच्या डोंगरकापणीला परवानगी असेल तर तिची प्रत सभेपुढे ठेवावी." तोच प्रश्न तिने लेखी देऊन पंचायतीची पोचही घेतली. आवाज फुटला नाही तरी अर्ज दप्तरी राहणार, या विचाराने तिला पुष्कळ बळ आलं.

सभेत आवाज थरथरला, पण वाक्य पुरं झालं. काका म्हणाले, "मागीर पळोवया." (नंतर पाहू.) तिने विचारलं, "प्रश्न इतिवृत्तात येणार ना?" सचिवांनी नोंद केली. ते दुसरं वाक्य आमच्या सरावात नव्हतं, याचा मला फार आनंद झाला. प्रत अजून मिळालेली नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली तिचा अर्ज गेला आहे. 10 रुपये शुल्क, आणि 30 दिवसांत उत्तर देणं खात्यावर बंधनकारक.

गेल्या भेटीत ती चवथीची काळजी घेऊन आली. गणपती मूळ घरी, म्हणजे काकांकडेच. ती जाणार आहे. विषय आपण काढायचा नाही; त्यांनी काढला, तर तेच वाक्य त्याच शब्दांत सांगायचं, असं तिने ठरवलं आहे.