ध्वनीने लेझर कसा बंद होतो?

प्रश्न : ध्वनिलहरींनी लेझरचा झोत चालू-बंद करतात असं वाचलं. आवाज प्रकाशाला अडवणार कसा? त्यापेक्षा लेझरचा वीजपुरवठाच का तोडत नाहीत?

उत्तर : पुरवठा तोडला की लेझरचं तापमान हलतं, तापमानाबरोबर तरंगलांबीही. पुन्हा स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून लेझर अखंड चालू ठेवायचा आणि झोत बाहेर हाताळायचा.

आवाज प्रकाशाला अडवत नाही, वळवतो. टेल्युरियम डायऑक्साइडच्या स्फटिकाला पीझोइलेक्ट्रिक, म्हणजे वीज दिली की कंप पावणारी, चकती जोडलेली असते. तिला ८० मेगाहर्ट्झचा विद्युत संकेत दिला की स्फटिकातून सेकंदाला सुमारे ४,२०० मीटर वेगाने ध्वनिलहर धावते. दाब पडतो तिथे अपवर्तनांक (प्रकाश माध्यमात किती मंदावतो याचं माप) किंचित वाढतो, सुटतो तिथे घटतो. सुमारे ५२ मायक्रोमीटरवर एक, अशा या पट्ट्या म्हणजे प्रकाशासाठी विवर्तन जाळीच, प्रकाशाला ठरावीक कोनात वळवणारी समान अंतरावरच्या रेघांची जाळी. तांबडा झोत एक मीटर अंतरावर जेमतेम १२ मिलिमीटर बाजूला जातो.

प्रयोगशाळेत मी पांढरं कार्ड धरून स्फटिकाचा कोन केसभर फिरवते, तेव्हा मुख्य ठिपक्याशेजारी वळलेल्या प्रकाशाचा दुसरा ठिपका उजळत जातो आणि मुख्य ठिपका फिका पडतो. आजही हे पाहताना हात थांबतो. कामासाठी हा दुसरा ठिपकाच घ्यावा, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. मुख्य ठिपक्यात थोडा प्रकाश उरतोच. दुसरा मात्र संकेत थांबला की पार विझतो. संकेताची ताकद कमी-जास्त केली की त्याची तीव्रताही बदलते.

झोत चालू-बंद होण्याचा वेग ठरतो तो आवाजाच्या चालीवर. एक मिलिमीटर जाडीचा झोत ओलांडायला लहरीला सुमारे २४० नॅनोसेकंद लागतात. भिंगाने तोच दशांश मिलिमीटर केला की २४. फार बारीक केला तर झोत अधिक फाकतो आणि वळणारा प्रकाश घटतो. इथे घाई करू नये.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ब्रिलुआँ यांनी १९२२ मध्ये हे भाकीत केलं, १९३२ मध्ये ते प्रयोगात दिसलं. पुढे बंगळुरूत सी. व्ही. रमण आणि नागेंद्रनाथ यांनी त्याचं सुंदर गणित मांडलं. रमण म्हटलं की फक्त रमण परिणाम शिकवतात, याची मला खरंच खंत वाटते.

आणखी एक : वळलेल्या प्रकाशाची वारंवारताही ८० मेगाहर्ट्झने सरकते, वर की खाली ते कोनावर ठरतं. लेझरने अणू थंड करणारे याच गुणासाठी हे उपकरण वापरतात.