घरकोंबडा नवरा, भटकभवानी बायको

मी मूळची कोल्हापूरची, नवरा उत्तर ॲलाबामाचा. लग्नाला सहा वर्षं झाली. माणूस लाख मोलाचा, पण उंबरा ओलांडायचं नाव काढत नाही. शनिवारी गवत कापायचं, मग फुटबॉल. रविवारी चर्च आणि तिथून आईकडे जेवायला. डिसेंबरची भारताची तिकिटं काढल्याचं सांगितलं, तर एवढंच म्हणाला, "परत कधी यायचं?" तळलेलं चिकन, बिस्किटांवर (म्हणजे इथल्या मऊ पावांवर) सॉसेज ग्रेव्ही आणि तांब्याभर बर्फ घातलेला गोड चहा ह्यावर त्याची गाडी चालते. गेल्या महिन्यात ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. मी घरातला गोड चहा बंद केला, तर आता आईकडे जाऊन पितो. काय करू?
– भटकभवानी

प्रिय भटकभवानी,

"परत कधी यायचं?" हे तुम्ही गाऱ्हाणं म्हणून लिहिलंय. मला तर तो माणूस निम्मा तयार झालेला दिसतोय. घरकोंबड्याला जायचं भय नसतं, परतीची तारीख ठाऊक नसण्याचं असतं. आणि जरा स्पष्ट बोलू का? तिकिटं काढून मग सांगितलंत, चहा बंद करून मग सांगितलंत. ह्याला बेत म्हणत नाहीत, नोटीस म्हणतात.

आधी जवळची सहल करा. स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला तुमच्याकडून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत पोचाल, आणि गाडी तोच चालवेल, म्हणजे निम्मी कुरकुर तिथेच मिटली. पार्कला प्रवेश फी नाही. 2023 पासून पार्किंगचा टॅग मात्र घ्यावा लागतो, दिवसाचे 5 डॉलर. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर आणि ओटी असलेली केबिन घ्या. सकाळी झुलत्या खुर्चीत कॉफी मिळाली की असा माणूस कुठेही घरी असल्यासारखा वागतो. तिथल्या केड्स कोव्ह खोऱ्यातला 11 मैलांचा एकेरी रस्ता गाडीत बसून बघता येतो, हरणं हमखास, नशीब असेल तर अस्वल. मे ते सप्टेंबर बुधवारी तो गाड्यांना बंद असतो, तेवढा वार टाळा. दोन रात्री पुरे. तिसऱ्या रात्रीचा हट्ट धरलात तर पुढच्या वेळी पहिलीही मिळणार नाही.

भारताच्या सहलीत आपण मराठी माणसं नेमकी जी चूक करतो ती करू नका. तीन आठवड्यांत पुणे, मुंबई, नाशिक, सगळ्या आत्या, सगळे मामा, आणि प्रत्येक घरी पोह्यांची ताटली. त्यात जावई परका असला की त्याला नुसतं बसून हसायचं काम. कोल्हापुरात मुक्काम ठोका. ज्यांना भेटायचंय ते येतील. सकाळी रंकाळ्यावर चक्कर, दुपारी त्याला झोपू द्या. आणि तुम्ही भारतीय नागरिक असाल किंवा तुमच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कायमच्या व्हिसासारखं कार्ड) असेल, तर नोंदणी झालेल्या लग्नाला दोन वर्षं झाली की जोडीदारालाही ओसीआयसाठी अर्ज करता येतो. तुमची सहा झाली. दर खेपेला व्हिसाची कटकट कशाला?

आता ताटाकडे येऊ. अमेरिकेतल्या साउथचं, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांचं, जेवण म्हणजे तळण हा आपला गैरसमज आहे. मी जॉर्जियात नवी होते तेव्हा शेजारच्या आजी थंड ताकाच्या ग्लासात कॉर्नब्रेड कुस्करून चमच्याने खाताना दिसल्या. मी बघतच राहिले. ही तर आमची ताक-भाकरी! पुढे कळलं की नवीन वर्षाच्या दिवशी शकुन म्हणून चवळी, भात आणि पालेभाजी खातात, भेंडी घरोघरी असते, रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा विकतात. भेंडी आणि चवळी इथे आली ती आफ्रिकेतून, गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर. तुमच्या नवऱ्याच्या पणजीचं रोजचं ताट बहुधा असंच असेल. तळण, सॉसेज आणि साखरेचा चहा रोज, तिन्हीत्रिकाळ, हे अलीकडचं. त्याचा हिशेबही झालाय. 2003 मध्ये सुरू झालेल्या, 30 हजारांवर लोकांच्या एका पाहणीत नेमका हाच आहार घेणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसलं.

म्हणून त्याला कोशिंबिरीचा वाडगा देऊ नका, त्याच्या आजीचं ताट द्या. हे ताट ज्यांना ठाऊक आहे त्या तुमच्या सासूबाई. त्यांच्याकडे जा आणि कोलार्डची (कोबीच्या जातीतल्या पाल्याची) भाजी शिकवा म्हणा. 'हेल्दी' हा शब्द त्या घरात उच्चारू नका. रविवारचं जेवण हा त्यांचा जीव आहे, त्याला नावं ठेवलीत तर चहाच काय, नवराही तिकडेच राहील. भाजी शिकून झाली की घरी तिच्यात घालतात त्या डुकराच्या हाडाऐवजी लसूण-मिरचीची फोडणी घालून बघा. भेंडीला मक्याचं पीठ लावून ओव्हनमध्ये भाजा. चवळीची उसळ तर तुमच्या हातचीच. प्रेशरवाल्याला साखरेइतकंच मीठ जपायला हवं, आणि ते सॉसेज, हॅम, डबाबंद ग्रेव्हीत दडलेलं असतं. (तुमच्या फ्रिजमधल्या लोणच्यातही. ते मी पाहिलेलं नाही, पण कोल्हापूरकरणीचा फ्रिज आहे.)

चहा बंद करू नका, 'हाफ अँड हाफ' करा. तिथल्या हॉटेलात निम्मा गोड, निम्मा बिनसाखरेचा चहा मागणं नेहमीचं आहे, त्याला कमीपणा वाटणार नाही. महिन्याभराने गोड भाग आणखी उतरवा, पण त्याला सांगून. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती चालूच, भेंडी तिची जागा घेत नाही. दंडाला बांधायचं प्रेशरचं मशीन घरी आणा आणि आकडा त्याचा त्यालाच लिहू द्या. जाता जाता तुमचीही साखर तपासून घ्या. आपल्या वंशाच्या लोकांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 झाला की तपासणी करा असं तिथले डॉक्टर सांगतात, गोऱ्यांसाठी तो आकडा 25 आहे.

आणि वर्षातली एक सहल त्याच्याशिवाय करा. मैत्रिणींबरोबर जा, एकट्या जा. तो मागे राहून गवत कापेल आणि सुखात असेल. परत कधी येणार, हे तो विचारेलच. तारीख सांगा, फक्त ह्या वेळी तिकीट काढायच्या आधी.